वाळवंटात हीटर मागणारी बाई

शारजातल्या एका मोठ्या दुकानात मी पहिल्यांदा हीटर मागितला, तेव्हा तिथल्या विक्रेत्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा छताकडे बघत होता. एसीची जाळी दिसली की तो तिच्याकडे बघतोच, पण त्या दिवशी ओळख नसल्यासारखा मुद्दाम बघत होता.

"वॉटर हीटर, मॅडम?" विक्रेत्याने विचारलं.

"नहीं, रूम के लिए."

"रूम के लिए एसी है," तो फार समजुतीने म्हणाला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. जिथे लोक ऐन जुलैत मॉलमध्ये जाताना शाल बरोबर घेतात आणि सात महिने नळाला न मागता गरम पाणी येतं, तिथे एक मराठी बाई खोली गरम करायला निघाली होती. त्यातून तिचा नवरा एसीच्या कंपनीत इंजिनिअर. उभं आयुष्य त्याने लोकांना गार करण्यात घालवलेलं. त्याच्या ऑफिसात ही गोष्ट कळली तेव्हा म्हणे लोक आळीपाळीने हसले.

मी पेट्या दुरुस्त करते. पेटी म्हणजे हार्मोनियम. हे काम मी मिरजेला वडिलांच्या दुकानात शिकले. लग्नानंतर दुबईत आले तेव्हा सासरच्यांनी ते 'छंद' या सदरात टाकलं. नोकरी नसलेल्या बाईच्या सगळ्याच कामांना तिथे जागा असते. पण इथे पेट्या भरपूर आहेत. भजनी मंडळं आहेत, गुरुद्वारा आहे, मुलांना गाणं शिकवणाऱ्या बायका आहेत, आणि हे सगळे लोक आपापल्या पेट्या एसीच्या झोताखाली ठेवून लाकूड तडकवण्यात एकमेकांशी स्पर्धा करतात. नवऱ्याच्या धंद्याने बिघडवायचं आणि माझ्या धंद्याने दुरुस्त करायचं, असा आमचा संसार चालतो.

पूर्वी आम्ही दुबईत, करामा भागात फ्लॅटमध्ये राहायचो. तिथे मी बाल्कनीत काम करायचे. पेटीतली पितळी पत्ती सुरात आणायची तर ती कणभर घासायची, एकच सूर वाजवून बघायचा, पुन्हा घासायची. मला त्यात दुपार कशी गेली ते कळत नसे. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला बरोबर कळत असे. शेवटी त्यांच्या तक्रारी, मुलीचा अभ्यास आणि वाढतं भाडं या सगळ्यांवर उपाय म्हणून आम्ही शारजात एक जुना, बैठा व्हिला भाड्याने घेतला. व्हिला हा शब्द ऐकून भारतातल्या नातेवाइकांनी जे चित्र डोळ्यांपुढे आणलं ते आम्ही पुसलं नाही.

या व्हिलाच्या अंगणात, मुख्य घरापासून वेगळी, ड्रायव्हरची खोली होती. इथल्या जुन्या घरांना ती असतेच. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर पत्रा, पत्र्याखाली पातळसं फॉल्स सीलिंग, आणि उन्हाकडे पाठ. आमच्याकडे ड्रायव्हर नव्हता, म्हणून ती माझं वर्कशॉप झाली. एप्रिलमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा ती उन्हाकडे पाठ मला फार आवडली होती.

डिसेंबरमध्ये मला तिथे काम करता येईना. वाळवंटातली थंडी ही बाहेरच्या लोकांना थाप वाटते. बर्फ पडत नाही, दात वाजत नाहीत, दुपारी बारीक घामही येतो. पण सकाळी त्या खोलीतली फरशी अशी असायची की चपलेतूनही तळवे सुन्न व्हावेत. माणसाने स्वेटर घातला असता, पण सरसाला स्वेटर घालता येत नाही. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा डिंक. तो गरम करून लावायचा आणि गरम असतानाच जोड दाबायचा. दाबायच्या आधी गार झाला तर वरून चिकटल्यासारखा दिसतो आणि आतून मोकळाच राहतो. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या बऱ्याच मैत्र्या अशाच आहेत, पण त्यांच्यावर हवेचा दाब येत नाही म्हणून टिकून आहेत.

पेटीच्या भात्यावर मात्र येतो. आणि तो आला नेमका मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात, आमच्या अध्यक्षांचं गाणं चालू असताना.

अध्यक्ष म्हणजे एका मोठ्या कंपनीतले मोठे साहेब. वर्षभर मीटिंगा घेतात आणि वर्षातून एकदा नाट्यगीत म्हणतात. दोन्हींत कुठे थांबायचं ते त्यांना कळत नाही. त्यांच्याच पेटीचा भाता मी त्या आठवड्यात नव्याने चिकटवून दिला होता. त्यांनी मोठी तान घेतली, साथीदाराने भाता जोरात ओढला, आणि जोड सुटला. पेटीतून फुस्स असा आवाज आला. सूर गेला, त्यांचा आवाज तेवढा राहिला, आणि तो पेटीशिवाय कसा आहे हे सभागृहाला कळलं.

"वहिनी, साधा पांढरा डिंक वापरायचा ना," कार्यक्रमानंतर ते चार लोकांत म्हणाले. "एवढं पारंपरिक कशाला?"

पांढऱ्या डिंकाने चिकटवलेला जोड पुढे कधी दुरुस्तीसाठी उघडायचा झाला तर लाकडासकट तुटून येतो, हे मी त्यांना सांगायला सुरुवात केली. तोवर ते फोटो काढायला गेले होते.

तर त्या अपमानानंतर आम्ही हीटरच्या दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने शेवटी हीटर शोधून काढले ते कॅम्पिंगच्या सामानात. इथले हौशी लोक थंडीत वाळवंटात जातात, मुद्दाम थंडी वाजवून घेतात आणि मग ती वाजू नये म्हणून जनरेटर लावून हीटर पेटवतात. त्यांच्यासाठी ते ठेवलेले होते. लाल तापणाऱ्या कांड्यांचे, स्वस्त. "दीडशे दिरहम म्हणजे साडेतीन हजार रुपये," नवरा मोठ्याने म्हणाला. इतकी वर्षं इथे राहून तो अजून रुपयांतच श्वास घेतो. पण मी ते घेतले नाहीत, आणि कारण पैसे नव्हतं. पेटीला पॉलिश करायचं ते स्पिरिटमध्ये लाख विरघळवून. स्पिरिटच्या वाफा आणि लाल कांड्या एका लहान खोलीत ठेवल्या तर खोली नक्की गरम होते, फक्त ती एकदाच होते.

मग नवऱ्याने प्रश्न आपल्या हातात घेतला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्याने हीट लोड काढला, म्हणजे खोलीला किती ऊब पुरवावी लागेल त्याचा हिशेब. भिंती किती, छत किती, दाराच्या फटी किती. आमटी गार होत होती. उत्तर असं आलं की त्या खोलीला जे यंत्र लागेल त्याच्या विजेच्या बिलात वर्षाला एक नवी पेटी येईल.

"मग?" मी विचारलं.

"मग नको करूस डिसेंबर-जानेवारीत काम."

सगळे कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत असतात, कारण तेव्हाच हवा चांगली असते, हे त्याला मी शांतपणे सांगितलं. तो शांतपणा लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर येतो. तो ऐकून त्याने दुसऱ्याच आठवड्यात कंपनीच्या गोदामातून एक जुना विंडो एसी आणला. तो उलटाही चालायचा, म्हणजे गरम हवा फेकायचा. दोन फिटर आले, भिंत फोडली, यंत्र बसवलं. नवऱ्याने बटण दाबलं. गरम वारा सुटला, आणि घरातली वीज गेली.

"बाबा, आय वॉज इन अ क्लास," आतून मुलीचा आवाज आला. ती युनिव्हर्सिटीत शिकते आणि त्या दिवशी तिचं लेक्चर ऑनलाइन होतं. "लाइक, लिटरली प्रेझेंटिंग."

नवऱ्याने फ्यूज बदलला, वायर बदलली, आणि यंत्र चालू राहील असं केलं. ते चालू राहिलं हे जास्त वाईट झालं. त्या वाऱ्याने खोली गरम कमी झाली आणि कोरडी जास्त. गुरुद्वाऱ्याची एक सुंदर जुनी पेटी टेबलावर होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या समोरच्या फळीवर बोट फिरवलं तर एक नवी चीर बोटाला लागली. मी यंत्र बंद केलं. नवरा म्हणाला, "लाकूड आधीच तडकलेलं असेल." ती चीर मी नंतर पदरमोड करून बुजवली, आणि त्या भल्या माणसांनी मला प्रसाद दिला.

घरमालकाकडून काही करून घेता येईल का, म्हणून मी त्याच्या एजंटला फोन केला. निदान छताचं काम करून द्या, दार बदलून द्या, थंडीत त्या खोलीत बसवत नाही, असं सांगितलं.

"मॅडम, वो तो ड्रायव्हर का रूम है," तो म्हणाला.

"मालूम है. लेकिन ठंडा है."

"पहले वाला ड्रायव्हर बारा-तेरा साल रहा उसमें. कभी कम्प्लेंट नहीं किया."

त्याने हे माझी तक्रार खोडायला सांगितलं होतं, आणि ते त्याच्या दृष्टीने अगदी बिनतोड होतं. फोन ठेवल्यावर मी त्या खोलीत जाऊन जरा वेळ उभी राहिले. खिडकीच्या चौकटीत कुणीतरी मल्याळम वर्तमानपत्राच्या घट्ट घड्या कोंबलेल्या होत्या, त्या मी इतके दिवस कचरा म्हणून बघत होते. मला माझ्या सरसाची काळजी होती. या खोलीत माणूस झोपायचा आणि त्याच्यासाठी कुणी जेवणाच्या टेबलावर हीट लोड काढला नव्हता. मग मी पुन्हा माझ्या कामाला लागले, कारण असल्या विचारांचं आम्ही इथले सगळे पुढे तेच करतो.

याच सुमारास अध्यक्ष घरी आले. भाता पुन्हा चिकटवायला पेटी ठेवून गेले होते, ती झाली का बघायला. मी त्यांना खोली दाखवली आणि अजून का झाली नाही ते सांगितलं.

"अहो वहिनी, एवढं काय टेक्निकल त्यात," ते म्हणाले. "कोळशाची शेगडी ठेवा. आमच्याकडे साताऱ्याला थंडीत शेगडीच असायची. खर्च शून्य."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ड्रायव्हरबरोबर एक लोखंडी शेगडी आणि कोळशाची अर्धी पिशवी पाठवून दिली. त्यांच्या वाळवंटातल्या बार्बेक्यूतून उरलेली होती. अध्यक्ष सल्ला देतात तो सामानासकट देतात, म्हणून तर ते दरवर्षी बिनविरोध निवडून येतात.

शनिवार होता. नवरा साइटवर गेला होता. मी अंगणात कोळसे पेटवले, धूर जाऊ दिला, निखारे लाल झाले तेव्हा शेगडी आत आणली. दार लावलं, कारण फटीतून ऊब जायला नको. खोली सुरेख तापली. सरस मधासारखा पातळ राहिला. भात्याचा एक जोड लावला, दुसरा लावला, दोन्ही चांगले बसले. मला साताऱ्याबद्दल आदर वाटायला लागला.

मग डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, अध्यक्षांची पेटी आहे, दुखणारच. पत्त्या तपासायला घेतल्या तर एकही सूर जागेवर वाटेना. वरचा सा वाजवावा आणि तो डगमगावा. मी पत्ती घासायला कानस उचलली, ती हातातून पडली. ती उचलायला वाकावं असं मनात आलं, पण वाकावंसं वाटेना. कुठे काही बिघडलं आहे हे समजत होतं आणि ते पेटीत आहे अशी माझी खात्री होती.

दार उघडलं ते मुलीने. चार्जर शोधत आली होती.

"आई, व्हाय डझ इट स्मेल लाइक अ बार्बेक्यू इन हिअर?" ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढचं मराठीत बोलली. "आई, ऊठ. चल बाहेर. आई, ऊठ ना."

तिने मला काखेत धरून अंगणात आणलं. मी फरशीवर बसले आणि उलटी केली. त्या मुलीने गेल्या कित्येक वर्षांत सलग तीन वाक्यं मराठीत बोलल्याचं मला आठवत नव्हतं. अशा अवस्थेत मला तेच सुचलं, यावरून आईपण ही काय चीज आहे ते कळावं.

दवाखान्यात त्यांनी मला ऑक्सिजनचा मास्क लावून बसवलं. डॉक्टर तरुण होती, हैदराबादची.

"बंद कमरे में कोयला?" तिने विचारलं. "हर विंटर में कोई न कोई आता है. आप बैठके बात कर रही हैं, ये अच्छा है. सब लोग बैठे हुए नहीं आते."

नवरा साइटवरून थेट तिथे आला, हेल्मेट हातातच होतं. तो खुर्चीवर बसला आणि काहीही समजावून सांगितलं नाही. कार्बन मोनॉक्साइडवर तो अर्धा तास बोलू शकला असता. तो एक अक्षर बोलला नाही, तेव्हा मी घाबरले.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी पोहोचली. अध्यक्षांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि पंधरा दिवसांत 'हिवाळा आणि घरगुती सुरक्षा' या विषयावर व्याख्यान ठेवलं. वक्ते स्वतः अध्यक्ष. मला त्यांनी फोन करून विचारलं, "वहिनी, दोन मिनिटं अनुभव सांगाल? लोकांना कनेक्ट होतं."

मी गेले. अध्यक्षांनी स्लाइड दाखवल्या. बंद खोलीत कोळसा पेटवणं हे अज्ञानाचं लक्षण कसं आहे ते गंभीर आवाजात सांगितलं. मग मला बोलावलं. मी काय झालं ते सरळ सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "पण तुम्हाला शेगडीचं सुचवलं कुणी?"

"अध्यक्षांनी," मी म्हणाले. "शेगडीही त्यांचीच. कोळसाही."

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने अध्यक्ष हसले. माझ्या विनोदबुद्धीचं त्यांनी समारोपात कौतुक केलं, आणि मला एक तुळशीचं रोप दिलं.

घरी मात्र गोष्ट पुढे सरकली. पुढच्या सुट्टीत नवरा सकाळीच अंगणात शिरला. त्याने फॉल्स सीलिंग उतरवलं. ऑफिसच्या गाडीतून काळ्या रबरी फोमच्या गुंडाळ्या आणल्या होत्या. एसीच्या नळ्यांना आणि डक्टला थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून जो गुंडाळतात, तोच. कामावरचे उरलेले, टाकून द्यायचे तुकडे. पत्र्याच्या खालून त्याने ते सगळीकडे चिकटवले, भिंतीला लावले, दाराच्या कडांना पट्टी मारली. भिंतीतलं ते उलटं यंत्र काढलं, भोक बुजवलं आणि वर हाताएवढी जाळी ठेवली. "हवा येत राहिली पाहिजे," एवढंच म्हणाला.

दुपारपर्यंत खोलीतला गारठा निम्मा गेला होता. हीटर नव्हता, काही नव्हतं.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"हे तर आम्ही रोज करतो."

"मग आधी का नाही केलंत?"

तो शिडीवरून माझ्याकडे बघून म्हणाला, "तू हीटर विचारला होतास. इन्सुलेशन कुठे विचारलंस?"

मी शिडी धरून उभी होते. ती सोडली नाही, याचं श्रेय मी स्वतःला देते.

हीटरही आला, पण कमी ताकदीचा. देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या कुटुंबाने घरातलं सामान विकायला काढलं होतं. इथे रोजच कुणी ना कुणी असं निघालेलं असतं आणि त्यांचे सोफे दुसऱ्यांच्या घरी मुक्काम करतात. त्यांच्याकडे तेल भरलेला, चाकांवरचा रेडिएटर होता. लाल कांड्या नाहीत, पंखा नाही, वारा नाही. स्पिरिटचं काम असलं की तो सरळ बंद करून दार उघडायचं. नवऱ्याने किंमत निम्म्यावर आणली. "यल्ला, खलास," म्हणजे चला, संपवा एकदाचं, असं त्या बाई म्हणाल्या, कारण त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. नवरा परतताना गाडीत हिशेब रुपयांत सांगत राहिला आणि मी ऐकत राहिले. आजारपणाने माणूस सोशिक होतो.

सकाळी तासभर तो लावला की दिवसभर सरस नीट चालतो. अध्यक्षांचा भाता मी तिसऱ्यांदा उघडून चिकटवला. बंद खोलीत शेगडीजवळ लावलेले जोड चांगले होते, पण चिकटवणारीच्या डोक्याचा भरवसा नव्हता. पेटी न्यायला ते स्वतः आले. आत येऊन हात चोळले, कोट काढला आणि स्टुलावर बसले ते उठेचनात.

"वहिनी, आपल्या रिहर्सल इथे घेतल्या तर? हॉलवाले आता फार भाडं मागतात. आम्ही सात-आठच जण."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नवरा दारातून म्हणाला, "येऊ देत की. एक माणूस नुसता बसला तरी शंभर वॉट ऊब देतो. गायला लागला तर जास्त. आठ जण आले की हीटर बंद करता येईल."

मी हिशेब करून पाहिला. बरोबर होता. तेव्हापासून थंडीत दर शनिवारी सकाळी मंडळ आमच्याकडे गातं. दार थोडं उघडं ठेवून मी कोपऱ्यात भाते चिकटवते. रेडिएटर बंद असतो. सरस छान पातळ राहतो. अध्यक्ष एकटेच दीड माणसाची ऊब देतात असं नवऱ्याने थर्मामीटर लावून काढलं आहे, आणि तान लांबली तर मी त्यांना आता थांबवत नाही.